हात मांडीवर

जालन्यात सळई भरली की मी केबिनमध्ये चढतो,
पट्टा लावतो आणि हात मांडीवर ठेवतो.
एवढंच काम.
करारात तसंच लिहिलंय, माझ्या सहीच्या वर:
गरज पडल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावू नये.
पगार पूर्वीपेक्षा तीन हजारांनी जास्त.

स्टेअरिंग आपलं आपण फिरतं.
पहिल्या आठवड्यात मला ते बघवत नव्हतं.
आपल्या ताटातलं दुसऱ्यानं जेवावं
आणि ढेकर आपण द्यावा, तसं.

वडीगोद्री, गेवराई, बीड.
गाडी शिस्तीची आहे, खोटं कशाला बोलू.
रेघ ओलांडत नाही, दारू पीत नाही,
बायकोशी भांडून येत नाही.
तिला झोप नाही.
मला येते, आता जास्तच येते,
आणि घरी अंथरुणात माझा उजवा पाय
रात्रभर ब्रेक दाबत असतो, असं प्रयाग म्हणते.

सव्वीस वर्षांचे घट्टे मऊ पडायलेत.
परवा नातीनं हात धरला अन् म्हणाली,
अप्पा, तुमचा हात मास्तरासारखा झाला.
सगळे हसले. मीही.

तरन्नुम नांदेडची, कंपनीत इंजिनियर,
लॅपटॉप घेऊन मागच्या बाकावर बसते.
म्हणते, मन्मथअप्पा, तुम्ही कुठं कुठं हळू केली असती
ते बोलत राहा, मी टिपते.
मी बोलतो.
इथं धाब्याचं कुत्रं, एका डोळ्यानं आंधळं, डावीकडून येतं.
इथं बाजाराच्या दिवशी दोघं भाऊ घोट घेऊन
रस्त्याच्या मधोमध
वीस वर्षांपूर्वीचं बांधाचं भांडण काढतात.
इथं माघात डांबरावर तुरी पसरतात,
आपल्या चाकाखाली फुकट मळणी,
बाई बाजूला सरकते पण नजर शेंगांवरच.
उसाच्या बैलगाडीला मागं दिवा नसतो.
बैलांचे डोळे चमकतात, पण ते पुढं असतात,
मागून नुसता वास येतो,
म्हणून काच खाली ठेवायची.
ती विचारते, वासाचं काय लिहू?

नेकनूरच्या पुढं एक बिननावाचा फरशीपूल आहे.
तिथं मी पाय उचलायचो.
काय अडथळा आहे, अप्पा?
काही नाही.
वळण? उतार? जनावरं?
नाही गं माय, काहीच नाही.
मग?
मी बाहेर बघत राहिलो.
इस्माईल माझा क्लीनर होता, अकरा वर्षं.
टायर बदलायला उतरला
एवढंच म्हणालो. पुढचं तिनं विचारलं नाही.
बटणं टकटक वाजली, बराच वेळ,
मग थांबली.

पुढच्या फेरीला ती नव्हती.
रात्रीचे पावणेतीन, रस्ता मोकळा.
फरशीपूल आला
आणि गाडीनं आपणहून वेग सोडला.
चाळीस. तीस.
मागचा टेंपो शिव्या घालत निघून गेला.
अंगावर काटा आला की राग आला,
अजून नीट सांगता येत नाही.
माझं होतं ते, एकट्याचं.
कंपनीच्या अशा बारा गाड्या आहेत,
बाराही तिथं हळू होतील
इस्माईलला न ओळखता,
मी नसलो तरी.

पण हॉर्न नाही दिला तिनं.
मी दोन द्यायचो, एक लांब, एक आखूड.
ते सांगायचं राहिलं होतं.
राहिलं, की ठेवलं होतं, काय माहीत.
मांडीवरचा हात उचलला आणि दिले.
कंपनीला कळलं असेल. कळू दे.

केजच्या अलीकडं समोरून एक जुना ट्रक आला,
माणसाचा.
त्यानं सवयीनं डिपर मारला, हात वर केला.
पूर्वी माझा एकच हात मोकळा असायचा.
मी दोन्ही वर केले.
त्याला वाटलं असेल, सुटली याची गाडी.
आरशात बघितलं तर त्याचे ब्रेकचे दिवे
लाल,
बराच वेळ लाल.