पंख्याचा सा

हडर्सफील्ड. जिन्याखालच्या कपाटाला
जुन्या गाद्या लावून केलेली गाण्याची खोली.
कॉम्प्युटर दुकानातला, तयार, सेलमधला.
आयत्या बिळावर नागोबा, म्हटलं, आणि बसले गायला.

साथ नाही, तंबोरा नाही. फक्त मी,
आणि प्रत्येक रेकॉर्डिंगखाली त्याचा पंखा:
घूंऽऽ, शेजारी कुणी दळण टाकल्यासारखा.

डेझमंड, तरुणपणी स्पीकरची खोकी ठोकणारा,
म्हणाला, सुटे भाग घे, स्वतः जुळव.
यादी त्यानेच लिहिली गॅसबिलाच्या पाठीवर.
प्रोसेसरवरची पेस्ट: वाटाण्याएवढी.
मी लावली लिंबाएवढी.
हात दाखवून अवलक्षण. पुसली. पुन्हा लावली.
तीन शनिवार गेले. एक स्क्रू उरला,
कुठला, कुणास ठाऊक.

चौथ्या शनिवारी बटण दाबलं.
पडदा उजळला. आवाज नाही. अजिबात नाही.
दार लावून गायले, मग ऐकलं.

दुसऱ्याच ओळीत सूर उतरलेला.
पुन्हा गायले. पुन्हा उतरलेला.

तेव्हा कुठे कळलं,
वर्षभर मी त्या डब्याच्या घुंघुंवर
षड्ज लावून बसले होते.

तो आता लेकाच्या टेबलाखाली असतो, गेमसाठी.
काल त्याला म्हटलं, अरे,
झोपलास तरी चालू राहू दे.
आणि दार जरा उघडं ठेव.