निकष पाच

कुलसचिवांच्या दालनात सात खुर्च्या, सात निकष.
मला पाचवा आला,
कारण मी संख्याशास्त्र शिकवते
आणि बैठकीला दोन मिनिटं उशिरा पोचले.

फळ्यावर तारखा. दिवाळीच्या आत मसुदा.
पाच वर्षांचे पुरावे, फोटोंवर अक्षांश-रेखांश.
"आणि न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं," येमूल सर म्हणाले,
"तीही झालेलीच असतात, शोधायची फक्त."
सगळे हसले. मीही.

बाहेर त्रेचाळीस.
धुळप्पानं कपाट उघडलं,
जुन्या फायलींतून वाळवीची माती
टेबलावर ओतली गेली.
"म्याडम, हे पण जोडायचं का?"

विद्यार्थ्यांची प्रगती: नोकरी, उच्च शिक्षण, पुरावा.
माझ्या एकवीसच्या तुकडीत अठ्ठावीस नावं.
तास संपले की फोन लावते.
कुणी चाकणला, कंपनी सांगतो, पत्र देत नाही.
एकाचा नंबर आता अक्कलकोटच्या कुठल्याशा आजोबांचा,
ते दर वेळी विचारतात, जेवण झालं का.

नागमणी गुंडेटी. वर्गात दुसरी.
तिच्या आवाजामागे माग,
म्हणून दोघी ओरडून बोलतो.
"काकाच्या कारखान्यात हाय, टॉवेलच्या.
शंभरात चारच्या वर बाद गेले
की माग थांबवायचा, मीच ठरवलंय.
तुम्ही शिकवलेलंच की."
"नियुक्तिपत्र आहे?"
थोडा वेळ नुसते माग बोलले.
"काकाला काय पत्र मागू, मॅडम?"

रविवारी पूर्व भागात गेले.
भिंतीवर कोळशानं दोन आडव्या रेघा,
मध्ये रोजचा एक ठिपका,
आणि परवाचा रेघेच्या वर.
फोटो काढला. अक्षांश आले, रेखांश आले.
कुठल्या रकान्यात, ते नाही आलं.
"तुमच्यात कितीपर्यंत बाद चालतंय?" तिनं विचारलं,
सहज, चहा ओतता ओतता.

आज येमूल सर दारातून:
"पाचवा कुठवर?"
अकरा सापडले, म्हटलं.
"आणि एकवीसच्या मार्चचं इतिवृत्त?
विद्यार्थी तक्रार निवारण. एक पानभर लिहा."

ती तारीख मला आठवते.
लाइट गेली होती. कॅन्टीनमागे लिंबाखाली
आम्ही शेंगा फोडत बसलो होतो, सातही जण.
एक मुलगी वही छातीशी धरून आली,
जरा लांबच उभी राहिली.
मी तिला म्हटलं होतं, उद्या ये.