दहा नग

नातवाने यंदा चिनी माळ आणली, तीनशे दिव्यांची.
एक गेला तरी बाकीचे मिचकावत राहतात,
कुणाला कळतही नाही.
मला कळतं. मी मोजायला बसते.
आमच्या घराला मोजायची खोड आहे.

आधी मेणबत्त्या होत्या.
भुसावळला, पंधरा बंगल्यात, ड्रायव्हर डिक्रूझची मिसेस
सुरूची फांदी रॉकेलच्या डब्यात रोवायची,
पत्र्याच्या चिमट्यांत बोटभर मेणबत्त्या,
आणि बर्फ म्हणून जिनिंगमधला कापूस.
मुलूखच कापसाचा. बर्फ आम्हाला फुकट.
झाडाशेजारी वाळूच्या दोन बादल्या,
बादल्यांशेजारी सुपडू खलाशी,
ज्याच्या लेखी नाताळ म्हणजे
ओलं पोतं धरून उभं राहणं.
पाच मिनिटं. तेवढीच पेटवायची.
पोरं श्वास रोखून बघायची,
श्वासानेच एखादी विझेल म्हणून.

एका वर्षी सहावं मिनिट झालं.
कापूस कसा पेटतो हे खानदेशात कुणाला सांगायला नको.
आवाज नाही, भडका नाही,
नुसता एक लांब उसासा,
आणि झाड नाही.
सुपडूच्या भुवया परत आल्या, पण विरळ.
"तुमच्या देवाले अंधारच बरा," तो म्हणाला,
आणि पुढच्या वर्षी पोतं भिजवून पुन्हा हजर.

माझे वडील, शांतवन तायडे,
गाडीच्या डब्यांतल्या दिव्यांचे फिटर.
डब्यातला दिवा चोवीस व्होल्टचा,
भिंतीतली वीज दोनशे चाळीस.
चर्चच्या फरशीवर त्यांनी खडूने भागाकार केला.
बाकी शून्य.
दहा दिवे, एकाच तारेत, एकामागे एक.

पाळकसाहेबांनी कुठेतरी वाचलं होतं:
अमेरिकेत वीजकंपनीच्या एका साहेबाने
शंभरेक वर्षांमागे घरच्या झाडावर ऐंशी दिवे लावले,
झाड गोल फिरायचंसुद्धा.
वडील म्हणाले, "त्याची कंपनी होती.
माह्याजवळ रजिस्टर आहे."
आणि रजिस्टरात लिहिलं, सुवाच्य:
*दिवे, दहा नग, परत करण्याच्या बोलीवर.*

सिग्नलच्या डब्यांत तळाशी उरलेला रंग,
पाच तांबडे, पाच हिरवे.
पिवळा मी मागितला तर म्हणाले,
"पिवळा म्हणजे सावध. बाळ जन्मलंय, सावध कशाले?"

चोवीस तारखेला रात्री खटका दाबला
आणि सुपडूने सवयीने पोतं उचललं.
काहीच जळलं नाही.
तो किती तरी वेळ तसाच उभा,
पोत्यातलं पाणी त्याच्या चपलांवर गळत.

मग दुसऱ्या गाण्याला सगळं विझलं.
एकाच तारेतली दहा माणसं ती,
एक गेला की सगळे गेले.
वडिलांनी खिशातून अकरावा काढला, तो रजिस्टरात नव्हता,
एवढं एकच पाप त्यांचं मला माहीत आहे,
आणि पहिल्यापासून एकेक बदलत गेले,
प्रत्येक वेळी खटका, प्रत्येक वेळी अंधार.
सात. आठ.
अख्खी मंडळी त्यांच्याबरोबर मोजत होती,
प्रार्थनेतही इतक्या एका सुरात बोलली नसेल.
नऊला झाड लागलं.
सुपडू सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

सहा जानेवारीला आई आणि मी
ब्लेडने रंग खरवडत बसलो.
सरकारी दिवा पांढराच परत गेला पाहिजे.
मानेजवळचा मात्र निघत नाही,
पितळ आणि काच जिथे भेटतात तिथे
तांबडी रेघ राहतेच.
वडिलांनी बघितलं. सही केली.

पुढे नर्सिंगला निघाले तेव्हा नागपूर पॅसेंजर,
थर्ड क्लास, संडासाजवळची जागा.
मलकापूरच्या अलीकडे दिवे लागले.
माझ्या डोक्यावरच्या दिव्याच्या मानेला
बारीक तांबडं कडं होतं.

त्याच्याखाली एक म्हातारा
फडक्यातली कळण्याची भाकरी सोडत होता.
त्याला ठेचा नीट दिसत होता.
मी काही बोलले नाही.
अकोल्यापर्यंत तो दिवा एकदाही हलला नाही.