वीसपट पुरे

आकड्यांवर जाऊ नकोस, मेंजिया.
साठपट, सत्तरपट हे खोक्यावर छापायला असतं.
साठपटीत मोठं काय होतं सांगू?
तापल्या दगडांवरची थरथरती हवा,
आणि तिपाई हलकी घेतलीस
तर तुझ्याच काळजाचे ठोके.

चल, बाहेर ये.
दुकानातल्या दिव्याखाली सगळीच भिंगं गुणी दिसतात,
पाहुणे आल्यावर पोरं दिसतात तशी.
बाकावर बस. तिन्हीसांज होऊ दे.
घंटाघराची सावली इन नदीत उतरली
की मग परीक्षा.

तोवर हातात धरून बघ.
ही पासष्टची, ही पंच्याऐंशीची.
हिच्यात उजेड ओंजळभर जास्त मावतो,
पण खिंडीपर्यंत अडीच तासांचा चढ,
आणि वजन प्रत्येक वळणावर व्याज मागतं.
तुझा बाप मोठी घेऊन गेला होता.
दुसऱ्या वर्षी ती न्यायला गाढव शोधत होता.

आता त्या लार्चचा शेंडा बघ, आभाळासमोरचा.
कडेला जांभळी रेघ दिसते?
पुसटशी, धुतल्यावर राहिलेल्या डागासारखी?
दिसत असेल तर परत ठेव.
त्या रेघेची किंमत मी भरली आहे.

ब्याऐंशीचा सप्टेंबर. दुर्बीण स्वस्तातली,
घासाघीस करून घेतलेली, म्हणून जास्तच लाडकी.
समोरच्या घसरणीवर शॅमॉयची मादी, एकटी.
शिंगांवरची वलयं मोजली. सात? आठ?
कास दिसेना. जांभळ्या धुरकटात पोट नि सावली एकच.
भाकड आहे, मी म्हणालो.
पाइडर म्हणाला, थांब. नीट बघ.
पुन्हा म्हणाला, थांब.

जवळ गेलो तेव्हा कास भरलेली होती.
दूध गवतावर उतरत होतं.
आणि खडकाआडून पिल्लू आलं,
दहा पावलांवर उभं राहिलं.
पळालं नाही गं.
पळालं असतं तर बरं झालं असतं.

मी स्वतःच वनरक्षकाकडे गेलो.
दंड भरला. पावती अजून गल्ल्यात आहे, नोटांच्या खाली.
गावात नाव झालं : रिश प्रामाणिक.
एवढंच सगळ्यांना माहीत आहे.
पण मी तिथे असंही म्हणालो होतो,
पाइडरनंही पाहिलं होतं, तोही म्हणाला, मार.
का म्हणालो, अजून कळलेलं नाही.
दंड अर्धा होत नाही दोघांत वाटून.
माझा भाऊ दाराशी उभा होता, टोपी हातात.
त्यानं टोपी घातली.

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
मी तर दुरून दिसणाऱ्या वस्तू विकतो.

झाली वेळ. नदीपलीकडे बघ,
गवताच्या कोठाराच्या वर, हिरव्या झडपांचं घर.
प्रत्येक दुर्बीण मी त्याच दारावर तपासतो.
बाकावर कुणी आहे?
बूट काढतोय? आधी कोणता?
डावा.
म्हणजे गुडघा अजून दुखतोय.
दाढी? नको, राहू दे, सांगू नकोस.
किती दिसतं ते कळलं.
चांगली भिंगं आहेत ही.

मग हीच घेणार? पासष्टची?
शहाणी आहेस. पैसे तीन हप्त्यांत दे,
तिपाई मात्र जड घे, त्यात काटकसर नको.
शिकारीला गेलीस की आधी कास बघ,
मग शिंगं, मग पुन्हा कास.
मग खडकामागे काय आहे त्याची वाट बघ.
रिकाम्या हातानं परतलीस तर ती काडतुसं मी परत घेईन.

आणि त्या घरावर कधी लावलीस
तर साठपट फिरवू नकोस.
वीसपट पुरे.
माणूस बसलाय की उठला,
एवढं कळलं की झालं.

झाकण लाव. दव पडतंय.