दहा दिवसांचं लोणचं

कॉटन मार्केटात सकाळी सहालाच
ऊन पाठीत बोट खुपसतं.
काकड्या घेतल्या, वीतभरही नसलेल्या, काटेरी,
दाबल्या तर टणक उत्तर देणाऱ्या.
शेपूची जुडी उचलली तेव्हा भाजीवाली म्हणाली,
"मुगाची डाळ घालून करता का, बाई?"
मी म्हटलं, लोणचं.
तिनं जुडी क्षणभर परत घेतली,
चुकीच्या घरी पोरगी देऊन राहिल्यासारखी.

माळ्यावर एक बरणी आहे,
पांढरी, तपकिरी गळ्याची.
तिच्यात शशिकलाबाईंचं आंब्याचं लोणचं,
तीन उन्हाळे जुनं.
बाई दोन उन्हाळ्यांपूर्वी गेल्या.
रविवारी हेडाऊजी स्टुलावर चढतात,
फडकं सोडतात, एक फोड काढतात,
फडकं पुन्हा त्याच गाठीनं बांधतात.
मला विचारत नाहीत.
मी मागत नाही.
आमचं लग्न अकरा आठवड्यांचं,
नोंदणी कचेरीत झालेलं.
मी एकसष्टची, ते अडुसष्टचे.

व्हिनेगर एक वाटी, पाणी एक वाटी,
मीठ दोन चमचे,
साखर एवढीच, की साखर म्हणून कळू नये.
मोहरी, मिरे.
लसूण ठेचायचा नाही, नुसता दुखवायचा.
हे मी मिशनच्या दवाखान्यात शिकले,
रात्रपाळीत, सिस्टर हिल्डगार्डकडून.
बायांनी आणलेल्या बरण्या बघून ती म्हणायची,
मोडक्यातोडक्या मराठीत,
"एवढं वाट कशाला पाहते?
काकडी तर आज आहे."

उकळी आली, गॅस बंद केला.
पण पंचेचाळीस अंशांत निवायचं म्हणजे काय
हे त्या पाण्यालाही कळेना.
पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवलं,
तर परातच तापली.
शेवटी कूलरपुढे नेऊन ठेवलं,
ओल्या वाळ्याच्या वासात व्हिनेगर मिसळला
आणि हेडाऊजी पेपर ठेवून उठून आले.
"काय करून राहिली?"

मी काकड्या उभ्या चिरून
कॉफीच्या रिकाम्या बाटलीत टाकत होते.
"अशा नाही," म्हणाले,
"जड खाली, हलकं वर, मधात पोकळी नको.
बत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात
हेच तर केलं ना मी."
बाटली माझ्या हातून घेतली.
एकेक फाक अशी बसवली
की आणखी एक बसली नसती.
फटीफटीतून शेपू खोचला.
मी वरून पाणी ओतलं, ते पाहत राहिले
बुडबुडे कुठून निघतात ते.

"आता किती महिने?"
"उद्या सकाळी."
"अन् टिकते किती?"
"दहा दिवस. फार तर बारा."
हसले नाहीत.
ड्रॉवरमधून जाड निळा पेन काढला,
काचेवर तारीख घातली,
आणि तिच्याखाली, सवयीनं,
नाजूक. हा भाग वर.

सकाळी फ्रीज उघडल्याचा आवाज आला,
मग कच्चकन एक,
मग थोड्या वेळानं दुसरा.
दुपारी आरामखुर्चीतून तक्रार,
"हा शेपू तर पोटातून बोलून राहिला, बाप्पा!"
संध्याकाळी मात्र पुन्हा दोन फाका.

रविवारी स्टूल सरकलं.
मी पोळ्या लाटत राहिले, मागे वळले नाही.
जेवायला बसलो तेव्हा ताटात आंब्याची फोड होती,
काळी पडलेली, कोयीपर्यंत खार गेलेला.
माझ्याही ताटात.
शेजारी काकडी, अजून हिरवी.

आधी काकडी खाल्ली.
मग फोड, कितीतरी वेळ, चोखून.
शशिकलाबाईंचा हात मेथीला सढळ होता.
मी बोलले नाही.
बोलेन कधीतरी.
बाटलीत अजून सहा दिवस आहेत.