खोगीरभरती

शफीकभाईनं घोडी बोळाच्या तोंडाशी बांधली
आणि खोगीर माझ्या ओट्यावर आदळलं.
"चावते. तंग आवळला की मान वळवून चावते.
परवा सिडकोत नवरदेव उतरवावा लागला भर वरातीत,
फेट्यासकट. बँडवाले हसत होते."

आधी जनावर, खोगीर मागून :
हा दादांचा क्रम.
मी तळहात फिरवला केसांच्या कलानं, सावकाश,
आणि डाव्या खांद्यामागे चार बोटांवर
तिची कातडी थरथरली,
माशी बसावी तेवढीच.

तिथं.

पलीकडे तांबट आळीत एक घंगाळ गोल होत होतं,
ठोक्याला ठोका.
मी खोगीर उलटं केलं, उजेडाकडे धरलं
आणि शिवण मोजायला लागले, उगीच, सवयीनं.
अकरा टाके, मग एक लांब.
अकरा, मग एक लांब.

आमच्या दातेरी चाकाचा एक दात पडलेला आहे.
देवळाली कॅम्पातल्या लिलावात आजोबांनी ते घेतलं
तेव्हाच पडलेला होता म्हणतात, म्हणून स्वस्त.
भद्रकालीत, अख्ख्या नाशकात,
असा लंगडा टाका दुसऱ्या कुणाचा नाही.

"हे कधीचं?" मी विचारलं.
"तुझ्या बापाच्या हातचं. शेवटच्या वर्षातलं असेल.
मी तेव्हा टांगा विकून घोडी घेतली ना."

शेवटच्या वर्षी दादांना सुईचं नेढं दिसत नव्हतं.
दोरा मी ओवून द्यायची, मेण लावून,
आणि शाळेत जायची.
दुपारचं ते काय शिवत, कसं शिवत,
ते मला माहीत नाही.

रापी लावली.
उसवताना हात अडखळला, हे खोटं नाही,
पण घोडीच्या पाठीला भागुजी जीनगर कोण ते ठाऊक नाही.
तिला गाठ कळते.

आतून निघालं :
शेळीचे केस, लोकर, घामानं खडे झालेली,
आणि डाव्या बाजूला, मुठीएवढी,
एक निळी बाही. गाठ मारलेली.
माझ्या शाळेच्या स्वेटरची.
त्या हिवाळ्यात तो हरवला म्हणून मी मार खाल्लेला,
आईचा. दादा तेव्हा काही बोलले नव्हते.

लोकर संपली असेल. उधारी मिळाली नसेल.
गोणपाट भरता आलं असतं, चिंध्या भरता आल्या असत्या,
वरून कुणाला दिसलं असतं?
पण लोकरच हवी, हा त्यांचा हट्ट,
आणि गाठ त्यांना दिसली नाही.

भाषणात फालतू मजकूर आला की लोक म्हणतात, खोगीरभरती.
म्हणणाऱ्यानं कधी खोगीर भरलेलं नसतं.
वरचं कातडं बघणाऱ्यांचं,
आतला सांगाडा बसणाऱ्याचा,
भरती तेवढी घोड्याची.

दोन दिवस लोकर पिंजली. बोटांनी भरली, चिमूट चिमूट,
मोगरीनं बसवली, परत काढली, परत भरली.
शिवायला चाक लागलंच नाही.
जुन्याच भोकांतून आरी गेली :
अकरा, आणि एक लांब.

तिसऱ्या दिवशी तंग मीच आवळला.
घोडीनं पोट फुगवलं, लबाड;
मी थांबले. तिनं श्वास सोडला, मी एक भोक पुढं सरकले.
तिनं मान वळवली.
शफीकभाई म्हणाला, "हात काढ."
मी नाही काढला.
तिनं माझं मनगट हुंगलं, मेणाचं, तेलाचं,
आणि समोर बघायला लागली, रिक्षांकडे.

"नऊशे जास्त होतात," तो म्हणाला.
"आठ दिवसांनी पाठ दाखवायला आण," मी म्हणाले, "आणि नऊशेच."
अक्षय्य तृतीयेच्या त्याच्याकडे सहा वराती. दिले.

बाही धुतली. वाळली तशी आकसली,
आता तळहाताएवढीच उरलीय.
करंजाचं तेल लावायला बरी पडते.
कोपराकडून काळी होत चाललीय.