अकराचा आकडा

सावद्याच्या बाजारात म्हणतात,
मला मालाची पारख आहे.
घड उतरवायच्या आधी सांगतो
कोणता दिल्लीपर्यंत टिकेल,
कोणता बऱ्हाणपुरातच मऊ पडेल.
साल बोलते. बघणाऱ्याला कळतं.

कुमुदच्या कपाळाचंही तसंच होतं.
सत्तावीस वर्षं मी तिला फारसं काही विचारलं नाही.
दारात चपला काढता काढता वर बघायचं.
भुवयांच्या मधे अकराचा आकडा उभा असला
की समजायचं, धाकट्या भावाचा फोन आलाय, वाटणीचा.
आडव्या एक-दोन असल्या तर सिलिंडर, लाईट, नणंद.
तिन्ही असल्या
तर हातपाय धुऊन मुकाट ताटावर बसायचं.

दिवाळीनंतर ती जळगावला गेली,
बहिणीच्या सुनेबरोबर, रिंग रोडवर.
मला सांगितलं, दात दाखवायचाय.
सहाच्या बसनं परतली,
कपाळावर मुंग्या चावल्यासारखे टिपके,
पिशवीत माझ्यासाठी पावशेर शेव.
"वीस युनिट," म्हणाली,
मी गाडीचे टन सांगतो त्या आवाजात.
"डॉक्टरीण म्हने, चार तास आडवं व्हायचं नाही."
मग ती खुर्चीत ताठ बसून राहिली,
समोर मी पण. मला कोणी सांगितलं नव्हतं.
टीव्ही बंद होता.

किती लागले, ते मी विचारलं नाही.
खोटं. विचारलं.
आणि मनात लगेच क्विंटलात मांडलं:
त्या आठवड्याच्या भावानं, सात.

आठवड्याभरात कपाळ थांबलं.
बायका म्हणाल्या, गुळगुळीत झालं.
मला आठवली थंडीत चरका बसलेली बाग,
पानं हिरवी, पण पोंगा वर सरकत नाही.
हे बोललो नाही. तेवढी अक्कल आहे.
निंभोऱ्याच्या लग्नात कोणीतरी तिला
नवरीची मोठी बहीण समजलं.
गाडीत तिनं ते चारदा सांगितलं,
कपाळ जागचं हललं नाही,
आवाज मात्र शाळेतून आल्यासारखा पळत होता.

मग एका संध्याकाळी
चपला काढल्या, वर पाहिलं. कोरं.
आनंदानं जेवायला बसलो.
दुसरी भाकरी मागितली.

"काय झालं, ते इचारनार नाही?"
"कशाचं?"
"सकाळपासून रागात हाये मी."
"तोंडावर तर काहीच..."
"तोंडावर आता काही येत नाही.
आता इचारा लागीन तुमाले."

विचारलं. वाईट विचारलं,
नव्या पार्टीला भाव विचारावा तसं, दुसरीकडे बघत.
तिनं त्या दिवसाचं सांगितलं. मग पोळ्याचं.
मग मागच्या उन्हाळ्याचं, मग पोराच्या नोकरीच्या वेळचं,
भाकरी ताटात वाळली,
आणि सगळ्यांच्या खाली दाबलेलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षाचं:
फैजपूरहून तिची आई आली होती, दुपारी, पायी स्टँडवरून,
वॅगन भरायची घाई म्हणून मी
दारातूनच म्हणालो होतो, आज नको, परवा या.
चहासुद्धा नाही.
"तवा पडली ती उभी रेघ," ती म्हणाली,
आणि बोट भुवयांच्या मधे ठेवलं,
जिथे आता काहीच नव्हतं.

म्हणजे आकडा मी बरोबर वाचत होतो.
खातं तेवढं भावाचं समजत होतो.

चार महिने टिकतं म्हणे ते औषध.
पुन्हा टोचून घ्यायचं का, तिचं ती बघेल,
सात क्विंटल काही बुडवत नाहीत माणसाला.
या चार महिन्यांत मी रोज विचारलं.
कधी ती सांगायची, कधी म्हणायची, डोकं नका खाऊ.

फाल्गुनात, सकाळी, ती खिडकीशी मेथी निवडत होती.
डाव्या भुवईच्या टोकाशी एक रेघ उठली,
एकच, केसाएवढी.
तिच्या आधी मला दिसली. धंदाच आहे माझा.
पण मी वाचली नाही.
विचारलं, "काय झालं?"
"काही नाही. ऊन येतंय डोळ्यावर."

उठून पडदा ओढला.
खरंच ऊन होतं.